नामांतराचा लढा आणि आशेची शिदोरी

आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार असे ठरल्यावर अध्यक्षाबाईंनी मलाही चार शब्द लिहिण्याचा आग्रह केला. मी सातवी शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. पापड-कुरडयांवर लिहावे की भरतकामावर लिहावे, असा विचार प्रथम मनात आला. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या परभणीत जे घडले, तेव्हापासून मंडळातील तरुण मुली व सुना एकच प्रश्न वारंवार विचारतात : "मावशी, इतके मोर्चे झाले, इतकी निवेदने दिली, त्याने होते काय?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. उन्हात बसून घसा कोरडा पडतो, रोज बुडतो, घरी बोलणी बसतात आणि वर्तमानपत्रात दोन ओळीसुद्धा येत नाहीत. मग मन खचते.

या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देण्याइतके माझे वाचन नाही. परंतु आपल्या मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतराचा लढा झाला. शासनाचा ठराव होऊनही तो पुरा होण्यास साडेपंधरा वर्षे लागली. माझी आई व माझ्या सासूबाई, दोघीही त्या लढ्यात होत्या. दोघींनाही लिहिता-वाचता येत नव्हते. इतकी वर्षे त्यांनी आशा कशी टिकवली, हे त्यांच्या तोंडून मी ऐकले आहे. तेच आज भगिनींपुढे ठेवते.

प्रथम थोडी मागची हकीकत सांगितली पाहिजे. आपला मराठवाडा दि. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ होते ते दूर हैदराबादेस, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ. आणि तेथील शिक्षण उर्दूतून. खेड्यातील गरिबाच्या मुलाने तेथपर्यंत पोहोचणे म्हणजे आकाशाला हात लावण्यासारखेच होते. अशा या भागात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. तेच मिलिंद महाविद्यालय होय. त्याच्या इमारतीची कोनशिला दि. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती, अशा घरांतील मुले पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तेथे शिकावयास गेली. पुढे दि. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली व पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. ज्या महापुरुषाने या भूमीत उच्च शिक्षणाचे दार गोरगरिबांना उघडले, त्याचे नाव विद्यापीठास द्यावे, ही मागणी यातूनच पुढे आली.

दि. २७ जुलै १९७८ रोजी विधानसभा व विधान परिषद या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. आता काम झाले असे लोकांना वाटले. परंतु लगेच मराठवाड्यात दंगे उसळले. खेड्यापाड्यांतील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, पुष्कळ कुटुंबांना गाव सोडून परागंदा व्हावे लागले. आपला परभणी जिल्हाही त्यातून सुटला नाही. त्या वेळी हिंगोली, वसमत, कळमनुरी हे तालुकेही आपल्याच जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो दि. १ मे १९९९ रोजी. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावी दि. ४ ऑगस्ट १९७८ रोजी पोचीराम कांबळे यांना क्रूरपणे ठार मारण्यात आले. विद्यापीठाच्या नावासाठी, ज्यांनी विद्यापीठ डोळ्यांनी पाहिले नव्हते, अशांची घरे जळाली.

विरोध करणाऱ्यांत सर्वच जण दंगेखोर होते असे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. निजामाविरुद्ध लढलेल्या काही थोर मंडळींचाही नामांतरास विरोध होता. 'मराठवाडा' हे नाव पुसले जाऊ नये असे त्यांना वाटत होते. तसेच नामांतराच्या बाजूने केवळ दलित समाजच उभा होता असेही नाही. बाबा आढाव यांची विषमता निर्मूलन समिती व इतर पुष्कळ समतावादी कार्यकर्ते सत्याग्रहात उतरले होते.

आईचे लग्न होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. आमच्या गावात आग लागली नाही. परंतु वस्तीला काम मिळणे बंद झाले. ऐन खुरपणीचे दिवस. गिरणीत दळण घेत ना, दुकानात मीठ-मिरची देत ना. आई सांगत असे, "पहिला आठवडा आम्ही रडलो. दुसऱ्या आठवड्यात आळीपाळी ठरवली." कोपऱ्यात पडलेली जाती बायांनी पुन्हा मांडली. एका घरी सर्वांचे दळण होऊ लागले. एकीने दहा घरांची पोरे सांभाळायची व बाकीच्यांनी चार कोस लांबच्या गावी खुरपणीस जायचे. गावातीलच दुसऱ्या समाजाची एक म्हातारी रात्री दिवा न घेता येई व मिठाची पुडी कुडाच्या फटीतून आत सारून जाई. आई म्हणे, "तिच्या त्या पुडीने आम्हांला कळाले की सगळा गाव काही आमच्यावर उलटलेला नाही."

भगिनींनो, आईच्या त्या वाक्यात मला सर्व काही सापडते. आशा धरा, असे त्यांना कोणी व्याख्यान देऊन सांगितले नव्हते. उद्याचे काम कोणी करायचे हे ठरले, आणि त्या उद्यासाठी उठू लागल्या. काम वाटून घेतले की भीतीही वाटली जाते व निराशाही.

पुढे मोर्चे सुरू झाले. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादेकडे लाँग मार्च पायी निघाला. शेकडो मैलांची ती वाट होती व त्यात स्त्रियाही होत्या. खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी तो अडवला व लोकांना अटक झाली. मोर्चा विद्यापीठापर्यंत पोहोचला नाही; परंतु ज्या ज्या गावांवरून तो गेला, तेथील माणसे पुढच्या लढ्यासाठी तयार झाली.

परभणीस कलेक्टर कचेरीवर मोर्चा असला की आमच्या गावच्या बाया कशा जात, ते ऐकण्यासारखे आहे. घरटी मूठभर ज्वारी गोळा होई. त्यातून भाकरी होत व उरलेली विकून एस.टी.चे भाडे निघे. प्रत्येक घरातून एकच बाई जायची, तीही आळीपाळीने. म्हणजे कोणाचाही रोज सारखा बुडत नसे व कोणीही फार दमत नसे. जी जाई तिने परत आल्यावर रात्री सर्वांना बसवून काय झाले ते सांगायचे, असा दंडक होता. त्यामुळे घरी राहिलेलीलाही आपण मोर्चात होतो असे वाटे. कधी दिवसभर अटकेत ठेवून संध्याकाळी सोडून देत. सासूबाई जिंतूरकडच्या. त्यांना दोन वेळा अशी अटक झाली. त्या सांगत की आत बसल्यावर भीती वाटे, म्हणून एकीने बाबासाहेबांवरची जात्यावरची ओवी सुरू केली आणि मग रात्र कशी गेली ते समजलेच नाही. मराठवाड्यातील बायांनी जात्यावर बाबासाहेबांच्या अशा कितीतरी ओव्या रचलेल्या आहेत. वामनदादा कर्डकांची गाणी तर वस्तीतील लहान पोरांनाही पाठ होती.

परंतु लढा लांबत गेला. १९७८ च्या ठरावानंतर १९९४ पर्यंत राज्यात आठ वेळा मुख्यमंत्री बदलले. त्यांपैकी शिवाजीराव पाटील निलंगेकर व शंकरराव चव्हाण हे दोघे तर आपल्या मराठवाड्याचेच. तरीही ठरावाची अंमलबजावणी होईना. अशा वेळी माणसाने काय करावे? बायांच्या बैठकीतही "आता पुरे" असे म्हणणाऱ्या निघत. त्यांना कोणी भित्र्या म्हणत नसे. त्यांची पाळी दुसरीने घ्यायची व त्यांनी चार महिने विसावा घ्यायचा, असे चाले. विसावा घेतलेल्या बहुतेक जणी परत येत. रागावून हाकलले असते तर त्या कायमच्या गेल्या असत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे, त्यांच्याजवळ जुन्या लढ्यांची आठवण होती. वस्तीतील वडीलधारी माणसे महाडची हकीकत सांगत. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी दि. २० मार्च १९२७ रोजी प्राशन केले; परंतु त्या तळ्यावरचा हक्क मुंबई हायकोर्टात कायम झाला तो मार्च १९३७ मध्ये. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह दि. २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, कित्येक वर्षे चालला, स्त्रियांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला. आणि तेव्हा मंदिराचे दार उघडलेच नाही. म्हणून तो सत्याग्रह फुकट गेला काय? ज्या बाया नाशिकला पहिल्यांदा घराबाहेर पडल्या, त्यांच्याकडे पाहून इतर धीट झाल्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली, तेव्हा हजारो स्त्रिया जमल्या होत्या. नवऱ्याने एक बायको असता दुसरी करू नये, स्त्रीला काडीमोडीचा हक्क असावा, असे ठराव त्यांनी त्या काळी केले. हिंदू स्त्रियांसाठी हे कायदे १९५५ साली झाले. ठराव आधी झाला व कायदा तेरा वर्षांनी.

आपल्या मराठवाड्याच्या बायांना तर जमिनीच्या लढ्याचा अनुभव होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली मराठवाडा व खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, आणि दि. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला. त्यात तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली असे सांगतात. तान्ही मुले कडेवर घेऊन स्त्रिया जेलमध्ये गेल्या होत्या. आमच्या आजेसासूबाई त्यांपैकीच एक. त्यांना जमीन मिळाली नाही. परंतु गायरान कसणाऱ्यांचा प्रश्न जिवंत राहिला व पुढे १९७८ व १९९१ साली शासनाने गायरानावरील जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय काढले. त्यामुळे पुष्कळ घरांच्या नावे सातबारा झाला. पेरणारा एक, खाणारा दुसरा, असे लढ्यात नेहमीच होते. शेतकऱ्याच्या घरी आंब्याचे झाड लावणारा आजा कधी असे म्हणतो काय, की याची फळे मला मिळणार नाहीत म्हणून मी खड्डा खणणार नाही?

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. लढा चालू असताना, विजय मिळण्यापूर्वीच, बायांनी आपल्या पदरात काही पाडून घेतले. सुरुवातीच्या निवेदनांवर आमच्या गावच्या बायांचे नुसते निळे अंगठे होते. एका निवेदनाच्या वेळी कोणीतरी विचारले, "विद्यापीठ मागता आणि सही येत नाही?" विचारणाऱ्याने थट्टेने विचारले, बायांनी ते मनावर घेतले. चौथीतल्या पोरांकडून रात्री कंदिलापुढे त्या पाटीवर नाव गिरवू लागल्या. आईला पुढेही वाचता कधी आले नाही, परंतु सही आली. मोडी अक्षरासारखी वाकडीतिकडी अशी ती सही आईने मरेपर्यंत केली. रेशनच्या दुकानात, बँकेत, माझ्या लग्नाच्या यादीवर, सर्वत्र. नामांतर झाले नसते तरी ती सही आईचीच राहिली असती.

परदेशातही असेच झाल्याचे माझ्या मुलीने मला वाचून दाखविले. अमेरिकेत माँटगोमेरी नावाच्या गावी काळ्या माणसांना बसमध्ये मागे बसावे लागे व गोऱ्यासाठी जागा सोडावी लागे. दि. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईने उठण्यास नकार दिला. तिला अटक झाली. मग तेथील लोकांनी बसवर बहिष्कार घातला व तो ३८१ दिवस चालला. दुसऱ्यांच्या घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाया रोज मैलोगणती पायी गेल्या. ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी आळीपाळीने इतरांना पोहोचविले. मला त्यातील 'आळीपाळीने' हा शब्द ऐकून आईची आठवण झाली. सात समुद्रांपलीकडच्या बायांनीही तीच युक्ती काढली होती.

१९९३ साल मोठे दुःखाचे गेले. त्या वर्षी दि. २५ नोव्हेंबर रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे या तरुणाने नामांतरासाठी स्वतःस जाळून घेतले. त्या बातमीने घरोघरी चूल पेटली नाही. त्याच्या त्यागापुढे आपण सर्वांनी मान लववावी, परंतु आई त्या दिवशी वस्तीतील पोरांना जवळ बसवून म्हणाली ते मी स्वतः ऐकले आहे : "जीव द्यायचा नाही. जीव लावायचा. बाबासाहेबांनी शिका म्हटले, मरा म्हटले नाही." आजच्या मुलामुलींनीही हे शब्द ध्यानात ठेवावेत. निराशेच्या भरात एकट्याने काही करू नये. चार जणांत यावे, बोलावे, रडावेसे वाटले तर रडावे.

अखेर दि. १४ जानेवारी १९९४ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, मुख्यमंत्री शरद पवार यांच्या सरकारने घोषणा केली. विद्यापीठाचे नाव 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे झाले. मी तेव्हा सातवीत होते. रेडिओवरील बातमी ऐकून वस्तीत गूळ वाटला गेला. काही मंडळी मात्र नाराज होती. मागणी नामांतराची होती व मिळाला तो नामविस्तार, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ते खोटे नव्हते. आईचे म्हणणे निराळे. ती म्हणाली, "मराठवाडाही राहिला आणि बाबासाहेबही आले. आता भांडायला कोणाला तोंड उरले नाही."

यापुढची हकीकत पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व आपल्या परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये त्याला जोडली गेली. म्हणजे ज्या नावासाठी आमच्या बायांनी पंधरा वर्षे भाकरी बांधल्या, ते नाव त्यांच्याच नातवंडांच्या पदवीवर आले नाही. माझी मुलगी बी.ए. झाली. तिच्या प्रमाणपत्रावर स्वामीजींचे नाव आहे. स्वामीजीही थोरच, त्यांनी आपल्याला निजामाच्या जाचातून सोडविले. परंतु मी सासूबाईंना विचारले, "आत्याबाई, वाईट नाही का वाटत?" त्या प्रमाणपत्रावरून हात फिरवीत म्हणाल्या, "नाव कोणाचेही असो, पोरगी आपली आहे ना!" त्यांचा लढा कागदावरच्या अक्षरांपुरता नव्हताच. आपल्या घरची मुलगी त्या दारातून आत जावी, यासाठी तो होता.

आता आजच्या काळाकडे येते. दि. १० डिसेंबर २०२४ रोजी आपल्या परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले व पुष्कळांना अटक झाली. त्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा दि. १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. जानेवारी २०२५ मध्ये परभणीहून मुंबईकडे पायी मोर्चा निघाला व फेब्रुवारीत नाशिकला थांबविण्यात आला. त्यातील बायांचे फोड आलेले पाय आपण पाहिले. तेव्हाही सर्वांना वाटले, आता काही होत नाही. परंतु त्या मुलाच्या आईने कोर्टाचा उंबरठा सोडला नाही. दि. ४ जुलै २०२५ रोजी हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा हुकूम दिला व ३० जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. न्याय पुरा झाला असे कोणी म्हणू नये. गेलेले लेकरू परत येत नाही. परंतु दार उघडले. आणि हे खंडपीठ तरी कोठून आले? मराठवाड्यातील वकिलांनी व जनतेने वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा ते १९८१ साली सुरू झाले. ज्यांनी त्यासाठी निवेदने दिली, त्यांना कोठे ठाऊक होते की पुढे एका दुःखी मातेला त्याचा आधार होईल?

यावरून मी एवढेच समजते की, मोर्चाला जाताना आशा तेथे मिळेल असे समजून जाऊ नये. भाकरी जशी घरून बांधून नेतो तशी आशाही घरून बांधून न्यावी लागते. ती बांधायला सोबतीण लागते, वाटून घेतलेले काम लागते, थकलेल्या बाईला विसावा द्यावा लागतो आणि मागच्या लढ्यांची आठवण ताजी ठेवावी लागते. शांततेने जावे, शांततेने परतावे, आणि आल्यावर घरच्या मुलांना सर्व हकीकत सांगावी.

माझी मंडळास एक विनंती आहे. आपल्या वस्तीत त्या काळच्या आठ-दहा म्हाताऱ्या अजून आहेत. पुढील वर्षीच्या स्मरणिकेपूर्वी आपल्या शिकलेल्या मुलींनी दर रविवारी एकीकडे वही घेऊन बसावे व त्यांचे बोल जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. आणि त्या पानाच्या खाली अंगठा न घेता त्यांची सही घ्यावी. ज्यांना येत नसेल त्यांना अजूनही शिकवावी. पहिल्या रविवारी मी सासूबाईंना घेऊन येईन. चहाची व्यवस्था माझ्याकडे.

सर्व भगिनींना वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देऊन येथेच थांबते. जयभीम.